लाइव्हचं चूलबंद आवतण

सोशल मीडिया म्हणजे काय, हे अख्ख्या बारामती तालुक्यात पहिल्यांदा कुणाला कळलं असेल तर ते मला. ही फुशारकी नाही. असलीच तर जरा कमी करूनच सांगतोय. बारामतीच्या एका साप्ताहिकाचा मी तीस वर्षं कन्हेरीचा वार्ताहर होतो. बातमी मी लिहायचो, ती गुरुवारच्या एसटीनं बारामतीला जायची आणि शनिवारी छापून परत यायची. तोवर ती गावाला तोंडपाठ झालेली असायची, कारण बुधवारीच मी ती पारावर सांगून मोकळा झालेला असायचो. ती ऐकून लोक काय म्हणाले, हेसुद्धा बातमीत आधीच लिहिलेलं असायचं. ह्यालाच हल्लीची पोरं एंगेजमेंट म्हणतात. मला त्याचं नाव माहीत नव्हतं, एवढाच काय तो फरक.

म्हणून आमच्या सुनेनं, संजीवनीनं, जेव्हा येसर विकायला मोबाइलवर पान काढलं, तेव्हा मी सांगून टाकलं, "मजकुराची काळजी तू करू नगंस. मजकूर माझ्याकडं."

येसर ज्यांच्या पानात कधी आला नसेल, त्यांच्यासाठी सांगतो. बाजरी, गहू, हरभऱ्याची डाळ, धने, खोबरं आणि गरम मसाला वेगवेगळा भाजून एकत्र दळलेलं हे पीठ. आमच्याकडं लग्नाची आमटी ह्याच्याशिवाय होत नाही. वाटीभर येसर पाण्यात कालवून फोडणीत सोडला की हंडाभर पाणी माणसात येतं. आणि आमच्या मंडळींच्या, म्हणजे धोंडाबाईच्या हातचा येसर असेल, तर ती आमटी खाऊन मेलेला माणूस उठून बसतो. दोन उठलेले मी स्वतः पाहिलेत.

संजीवनीनं गावातल्या अकरा बाया जमवल्या, बचत गट केला, आणि धोंडाबाईच्या हाताखाली त्यांना भाजणीला बसवलं. ह्या अकराही जणी त्याआधी दुसऱ्यांच्या उसात खुरपायला जायच्या. पाचटानं हात कापायचे, पाठ मोडायची. संजीवनीनं त्यांना शब्द दिला होता, "दिवाळीपातुर ह्या येसरला कायमचं गिऱ्हाईक मिळवून देते. न्हायच मिळालं तर मीसुद्धा तुमच्यासंगं खुरपायला येते." ती हे गंमतीत म्हणाली नव्हती. आमची सून बोलते कमी आणि बोलली की करते. माझ्या घरात हा गुण कुठून आला, ह्यावर धोंडाबाई अजून विचार करते.

आमचा मुलगा वालचंदनगरला कंपनीत आहे. तिथल्याच कॉलनीत वाढलेली, पुण्याला शिकून आलेली उत्कर्षा नावाची मुलगी त्यानं आमच्याकडं आणली. मोठमोठ्या वर्तमानपत्रांची आणि ब्रँडची सोशल मीडियाची आखणी तिनं केली होती. ती आली ती पांढरा फळा घेऊनच. फळा गोठ्याच्या भिंतीला टेकवून तिनं पहिला प्रश्न विचारला, "आपला ग्राहक नेमका कोण आहे?"

मी घसा साफ करेस्तोवर धोंडाबाई म्हणाली, "ज्याला भूक लागलीय तो."

उत्कर्षानं ते फळ्यावर तसंच्या तसं लिहून घेतलं. पुढचा प्रश्न होता, आपली माणसं मोबाइल कधी बघतात. ह्याचं उत्तर संजीवनीनं दिलं. "ज्या आठवड्यात पाण्याच्या मोटारीची लाइट रातच्याला असती, त्या आठवड्यात माणसं रानात बांधावर बसून मोबाइल बघत्यात. दिवसा लाइट असली की जेवल्यावर. आपण लाइटीच्या वेळापत्रकावर पोस्टा टाकायच्या."

"पुण्यात ह्यासाठी आम्ही सॉफ्टवेअर वापरतो," उत्कर्षा म्हणाली.

"आमी वायरमनला फोन करतो," संजीवनी म्हणाली.

माझी पहिली पोस्ट मी रीतीप्रमाणे लिहिली. 'कन्हेरी (वार्ताहर) : येथील महिला बचत गटाच्या वतीने येसर निर्मितीस प्रारंभ झाला असून यावेळी मान्यवर मोठ्या संख्येने उपस्थित होते.' तिला तीन लाइक पडले. त्यातला एक माझा, आणि दुसरा माझाच, धोंडाबाईच्या फोनवरून. तिसरा कुणाचा ते अजून समजलेलं नाही.

मग धोंडाबाईची पाळी आली. ती काही मुद्दाम बोलली नाही. ती चुलीपुढं धने भाजत होती आणि उत्कर्षा मोबाइल धरून उभी होती. एवढ्यात उत्कर्षाला सटकन शिंक आली. धोंडाबाईनं वर न बघताच कढई खाली उतरवली आणि म्हणाली, "झालं भाजून. पोरगी शिंकली की उतरवायचं. इकतच्या मसाल्यानं कुणी शिंकत न्हाय, मग त्यो भाजत्यात तरी कशाला?" एवढंच. हे दोन लाख लोकांनी बघितलं. दोन लाख! आमच्या साप्ताहिकाचा खप बाराशे होता आणि त्यातली निम्मी रद्दी किराणा दुकानात जायची.

संजीवनीनं मला बाजूला घेऊन सांगितलं, "आबा, आत्याबाई बोलतात तसं तुमी लिवा. पारावर बोलता तसं. पेपरचं मराठी नगं. वाचणाऱ्याला वाटलं पायजे, कुणीतरी आपल्या दारात येऊन बोलतंय." वर उत्कर्षानं दोन नियम घालून दिले. शेवटी लोकांनी नेमकं काय करायचं ते सांगायचं, आणि खाली जो कुणी लिहील त्या प्रत्येकाला उत्तर द्यायचं, एकालाही सोडायचं नाही.

हे तिन्ही नियम मी मनापासून पाळले. पुढं जे झालं ते नियम पाळल्यामुळं झालं, हे ध्यानात ठेवा.

त्याच सुमाराला पुण्याहून विजयसिंह नावाच्या माणसाचा फोन आला. पुण्यात त्यांची किराण्याची सतरा दुकानं. ते संजीवनीला म्हणाले, "माल उत्तम आहे असं मला रोज दहा जण सांगतात. तुमच्या मागं माणसं किती आहेत ते मला बघायचंय. येत्या रविवारी लाइव्ह करा. पाचशे माणसं दिसली तर चाळीस किलो सोमवारी पाठवा, मग दर महिन्याला घेऊ."

संजीवनीनं फोन ठेवला आणि अकरा जणींना बोलावून सांगितलं. त्यांच्यातली थोरली शकुबाई, तिनं फक्त एवढंच विचारलं, "पाचशे म्हंजी किती ट्रॉल्या?" त्या आठवड्यात बाया अशा राबल्या की काय सांगू. संजीवनी रोज सकाळी भाजणी घेऊन बारामतीच्या मसाल्याच्या गिरणीत दळायला जायची ती दिवस कलल्यावर यायची. शुक्रवारी चाळीस किलोची पाकिटं सीलबंद होऊन माजघरात रचली गेली. प्रत्येक पाकिटावर धोंडाबाईचा फोटो. माजघरात शिरलं की चाळीस किलो धोंडाबाई एकदम आपल्याकडं बघते. मी मागच्या दारानं ये-जा सुरू केली.

लाइव्हची घोषणा उत्कर्षानं लिहून दिली होती. 'रविवारी सकाळी अकरा वाजता आमच्यासोबत सहकुटुंब लाइव्ह जोडले जा.' आता तुम्हीच सांगा, ह्या वाक्यानं कोण कुठं जोडला जाईल? एवढं कोरडं तर आमच्याकडं वीजबिलसुद्धा येत नाही. संजीवनी बारामतीला गेलेली. मी चष्मा पुसला आणि पारावरच्या मराठीत मजकूर केला:

'समस्त बारामती आणि इंदापूर तालुक्याला धोंडाबाईचं चूलबंद आवतण. रविवारी सकाळी अकराला. स्थळ : आबासाहेबांचं अंगण, कन्हेरी. येसरची आमटी हाय. येणार त्यांनी खाली हात वर करा, आणि किती जण ते लिवा.'

स्थळ मी घातलं, कारण तीस वर्षांत स्थळ न घालता माझा मजकूर कधी छापायला गेला नव्हता.

आता आमच्याकडं आवतणाच्या तऱ्हा असतात. घरटी एक म्हणजे घरातल्या एकानं जेवायला यायचं. चूलबंद म्हणजे तान्ह्या पोरापासून काठी टेकणाऱ्या म्हातारीपर्यंत अख्खं घर यायचं, आणि त्या दिवशी त्या घरात चूल पेटवायची नाही. चूलबंद आवतणाला जायचं टाळलं तर तो अपमान. आणि आवतण देऊन जेवू घातलं नाही, तर त्या माणसाच्या दारात पुढं तीन पिढ्या कुणी पाणी मागत नाही. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण मी म्हटलं, आवतण मोबाइलवरचं, म्हणजे जेवणही मोबाइलवरच. लोकांना एवढं कळतं.

"आबा, चूलबंद म्हणजे?" उत्कर्षानं विचारलं. वालचंदनगरच्या कॉलनीत सगळ्यांचा गॅस, तिला कुठलं ठाऊक.

"म्हणजे सहकुटुंब."

"किती सुंदर शब्द आहे," ती म्हणाली, आणि दोन्ही तालुक्यांत चाळीस किलोमीटरपर्यंत सगळ्यांच्या मोबाइलवर तो मजकूर दिसेल असं काहीतरी बटण तिनं दाबलं.

अर्ध्या तासात हात वर व्हायला लागले. 'आमी एकवीस.' मी लिहिलं, या. 'सांगवीवरनं ट्रॉली घिऊन येतोय.' जरूर या. 'बारकी पोरं धरायची का?' धरा. 'गाडी लावायला जागा?' मारुतीच्या देवळामागं. नियम म्हणजे नियम, मी एकालाही सोडलं नाही. मला वाटलं, काय रंगात आलीत माणसं! शनिवारपर्यंत नऊशे लोकांनी लिहिलं. उत्कर्षानं संजीवनीला नुसता आकडा पाठवला, मजकूर नाही. ही मंडळी आकडाच पाठवतात. सोमवारच्या पार्सलचं ठरवून संजीवनी बारामतीहून आली ती डोळ्यांत पाणी घेऊनच. "आबा, नऊशे. तुमी आमच्या गटाचं नशीब उघडलं." मी मिशीवरून हात फिरवला. एवढ्या वर्षांत माझ्या लेखनाची अशी कदर कुणी केली नव्हती.

रविवारी सकाळी अंगण सारवलं होतं. मधोमध एक चूल, चुलीवर चार माणसांपुरतं पातेलं, मागं तोरण. धोंडाबाई हिरवं नऊवारी नेसून बसली होती. उत्कर्षानं मोबाइल तिवईवर लावला. साडेदहाला देवळाच्या अंगानं ट्रॅक्टर आला. सांगवीचे हिंदुराव, माझे जुने दोस्त. मागं ट्रॉलीत पन्नासेक माणसं, सगळी धुतलेल्या कपड्यांत. म्हाताऱ्या उतरवायला खुर्चीसुद्धा आणली होती.

"आबा, राम राम. पंगत कुठं बसवायची?" हिंदुराव म्हणाले.

"कसली पंगत?"

"चूलबंद म्हणून लिवलंय की. म्या विचारलं होतं, ट्रॉली आणू का? तुमी लिवलं, जरूर या."

"हिंदुराव, त्ये मोबाइलवरचं हाय. घरी बसून बघायचं असतंय."

"बघून झालं. आता भूक लागलीया. भाकरी मोबाइलमधनं काढायची आसल तर तसं सांगा, काढतो."

त्यांच्या मागं दुसरी ट्रॉली वळली. तिच्यामागं तीन जीप, एक स्कूलबस, मोटारसायकली तर मोजताच येईनात. इंदापूरच्या बाजूची एक तालीम सगळ्या पैलवानांसकट आली, आणि पैलवान आवतणाच्या दिवशी सकाळचा खुराक घेत नाहीत. सोयरिकीला निघालेलं एक वऱ्हाड वाट वाकडी करून आलं, नवऱ्या मुलासकट. अकराच्या ठोक्याला अंगणात, रस्त्यात आणि देवळामागं मिळून साडेआठशे माणूस उभं होतं, आणि सगळ्यांच्या चुली घरी बंद.

संजीवनी घरातून बाहेर आली. तिनं गर्दी बघितली, मग उत्कर्षाच्या हातातून मोबाइल घेतला आणि माझा मजकूर पहिल्यांदाच वाचला. मला वाटलं, आता ही ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"आबा, चूलबंद?"

"पारावरच्या मराठीत लिव म्हणालीस..."

"आन् ह्ये खाली सगळ्यांना 'या' म्हणून?"

"एकालाही सोडायचं न्हाय असं ठरलं होतं."

धोंडाबाई चुलीपुढून उठली. "त्याला काय विचारतीस? तीस वरसं ह्या माणसानं लिवायचं आन् आपण निस्तरायचं. किती माणूस हाय?"

"सात-आठशे तरी."

"शेजारपाजारच्या भाकरी जमवा," धोंडाबाई मला म्हणाली. "दहा घरं फिरा. येरवाळी, दिस उगवतानाच, सगळ्यांच्या भाकरी झालेल्या असत्यात."

मी पळालो. चार घरं कुलपं लावून माझ्याच अंगणात आलेली. पाचव्या घरी म्हातारा होता. तो म्हणाला, "आबा, तुमचं चूलबंद आन् भाकरी आमच्या? चूल कालपासनं इझवलीया." अख्ख्या कन्हेरीत त्या सकाळी एक चूल पेटलेली नव्हती. आणि हे मी केलं होतं, एका मजकुरानं. त्या परिस्थितीतही मला जरासं कौतुक वाटलंच, खोटं कशाला बोलू.

परत आलो तर संजीवनी हिंदुरावांच्या ट्रॉलीवर उभी होती. डोक्यावरचा पदर सावरून ती बोलत होती. मागं लाइव्ह सुरू झालेलं, उत्कर्षा मोबाइल धरून. "आवतण आमचंच हाय आन् चूलबंदच हाय," संजीवनी म्हणाली. "सैपाक तेवढा व्हायचा हाय. घरची चूल बंद ठिवून आलेल्या बायांचं हात शिवशिवत असतील, त्यांनी तीन-तीन विटा मांडाव्या. बाप्ये मानसं बसली तरी चालंल. पर बसल्या बसल्या कांदं चिरायचं."

साडेआठशे माणसांत एकानंही कुरकुर केली नाही. मी बातमीत 'सर्वानुमते' हा शब्द शेकड्यानं वापरलाय, प्रत्यक्षात तो त्या दिवशी पहिल्यांदा बघितला. गिरणीवाला जेवायला आलेलाच होता, त्याला उलट पावली गिरणीवर पाठवून ज्वारीचं पीठ आणवलं. पैलवानांनी शेजारच्या गुऱ्हाळावरून रस आटवायची काहील उचलून आणली, मधे न टेकवता. ती घासली तरी गुळाचा वास जाईना. धोंडाबाई म्हणाली, "ऱ्हाऊ दे. गूळ घालायचा वाचला." उसाच्या चिपाडाचा जाळ लागला. वीस चुली पेटल्या आणि भाकऱ्यांचा आवाज सुरू झाला. भाकरी थापण्याचा तो आवाज वीस चुलींवर एकदम ऐकलाय का तुम्ही? टाळ्यांच्या कडकडाटात एखादा पुढारी स्वतःचं भाषण विसरतो, तसा मी माझा अपराध विसरलो.

आणि तेव्हाच काहिलीत पाणी उकळायला लागलं. धोंडाबाईनं संजीवनीकडं बघितलं. एवढ्या पाण्याला येसर हवा होता वीस-पंचवीस किलो, आणि दुसऱ्या फेरीला परत तेवढाच. घरात होता तो फक्त माजघरातला, पुण्याला जायचा, सीलबंद. तो फोडला तर सोमवारी पाठवायला काही उरत नव्हतं.

संजीवनी एवढा वेळ डगमगली नव्हती, पण आता थांबली. तिनं गटाच्या बायांकडं बघितलं. तो येसर त्यांच्या कष्टाचा होता. त्या पाकिटांमुळं त्यांची पाठ वाचणार होती.

शकुबाई पुढं झाली. "फाड, संजीवनी."

"शकुबाई, पुन्हा खुरपायला जावं लागंल."

"खुरपं कुठं पळून चाललंय? आलेलं माणूस दारातनं उपाशी गेलं तर मग त्या खुरप्यानं तोंड झाकून हिंडावं लागंल. फाड."

पहिलं पाकीट संजीवनीनं दातानं फाडलं. मग अकराही जणी बसल्या आणि फाडत गेल्या. येसर काहिलीत पडला आणि असा वास सुटला, की मारुतीच्या देवळामागं लावलेल्या गाड्यांतले झोपलेले ड्रायव्हर उठून आले. पुढच्या रांगेतल्या पन्नास-साठ माणसांना एकदम शिंका आल्या. धोंडाबाईनं मान डोलावली, म्हणजे काम बरोबर होतं.

उत्कर्षा ओरडली ती तेव्हाच. "आबा, लाइव्ह थांबलं."

झालं असं, की हे दृश्य बघून साडेआठशे माणसांनी खिशातून साडेआठशे मोबाइल काढले आणि सगळे एकदम दाखवायला लागले. आमच्या गावाला मोबाइलचा टॉवर एक, तो एवढ्या जणांना एकदम कुठून पुरणार? तो बसला. जगाला शेवटचं दिसलं ते एवढंच, की धोंडाबाई पळी उगारून उभी आहे आणि तिचं तोंड उघडं आहे. उत्कर्षाच्या डोळ्यांत पाणी. "विजयसिंह सरांचं नाव बघणाऱ्यांत एकदाही आलं नाही. पहिल्यापासून नाही. ते बघतच नव्हते."

म्हणजे येसरही गेला आणि गिऱ्हाईकही. संजीवनीनं हे ऐकलं. तिनं पदरानं कपाळ पुसलं आणि म्हणाली, "बरं. मोबाइल खाली ठिव, आन् पत्रावळ्या वाढ."

पहिली पंगत बसली. वाढायला माणसं कमी पडली, तेव्हा धोंडाबाईनं आपली पळी फिरवायला सुरुवात केली. "ए पांढऱ्या शर्टवाल्या, व्हय, तूच. गॉगल काढ. आमटीची बादली घे." तो माणूस गोंधळून उठला. चाळिशीचा, गोरापान, घड्याळ भारी. "बादली अशी धरत्यात व्हय? सांडंल. कुठनं आलास?" "पुण्याहून," तो म्हणाला. "मग पुण्यात बादल्या नसत्यात का?" त्यानं मुकाट्यानं बाह्या वर केल्या. तीन पंगतींना त्यानं आमटी वाढली. हिंदुरावांनी त्याला चार वेळा परत बोलावलं, दोनदा आमटीसाठी आणि दोनदा नुसतंच. तिसऱ्या पंगतीला त्याचा शर्ट पांढरा होता हे सांगूनसुद्धा कुणाला पटलं नसतं.

माणसं तृप्त होऊन हात धुवायला उठली तेव्हा तो बादली घेऊन धोंडाबाईपुढं आला. "मावशी, मी विजयसिंह."

"बरं," धोंडाबाई म्हणाली. "त्या पिंपळाखालच्या पंगतीला आमटी फिरवलीस का?"

मागं संजीवनीच्या हातातली परात खाली आली. सतरा दुकानांचा मालक आमच्या अंगणात तीन तास बादली घेऊन फिरला होता आणि माझी बायको त्याला 'सांडलंस' म्हणून दटावत होती.

"तुमी लाइव्ह बघणार होता," संजीवनी म्हणाली.

"बघणारच होतो. पण माझी आई इंदापूरकडची. माहेरच्यांनी तिला शनिवारी तुमचं ते आवतण पाठवलं. चूलबंद म्हटल्यावर तिनं आज सकाळी घरात चहासुद्धा करू दिला नाही. म्हणाली, गाडी काढ. आम्ही सगळे उपाशीपोटी पुण्याहून आलोय." त्यानं बोट दाखवलं. पिंपळाखाली एक म्हातारी मांडी घालून भाकरी कुस्करत होती आणि वर आमटी ओतून घेत होती. तिनं मान वर करून आमच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"मला पाचशे माणसं मोबाइलवर बघायची होती," विजयसिंह म्हणाले. "ह्या सगळ्यांना मी स्वतःच्या हातानं वाढलंय. आता आणखी काय बघू? उद्या चाळीस किलो पाठवून द्या."

संजीवनी सरळ म्हणाली, "न्हाय पाठवता येणार."

"का?"

तिनं माजघराच्या दाराकडं बोट केलं. फाडलेल्या पाकिटांचा ढीग पडला होता, आणि त्यातून धोंडाबाई चाळीस ठिकाणी चुरगळलेली बघत होती. "तुमचाच माल तुमी वाढला, दादा. एक चमचा उरला न्हाय. आठ दिवस लागतील."

विजयसिंहांनी ढिगातलं एक पाकीट उचलून झटकून बघितलं. मग म्हणाले, "मी आठ दिवस थांबेन. आई थांबेल असं वाटत नाही."

ते गेले तेव्हा शकुबाई काहिलीला टेकून बसली होती. ती हसली नाही, रडली नाही. तिनं दोन्ही हात पुढं धरले, उलटसुलट करून बघितले आणि म्हणाली, "पाचट लागलं की ह्या हितनं कापतंय. आता सुकंल." संजीवनी तिच्याशेजारी जाऊन बसली. मला तिथं थांबायचं कारण नव्हतं, म्हणून मी काहील घासायला घेतली. कुणी सांगितलं नव्हतं. पण कुणी नको असंही म्हणालं नाही.

माणसं आपापल्या गावी पोचली. तिथं टॉवर मोकळे होते. मग प्रत्येकानं आपापल्या मोबाइलमधला धोंडाबाईचा, काहिलीचा, शिंकांचा व्हिडिओ सोडला. उत्कर्षानं तो सगळा पसारा बघून कपाळाला हात लावला. म्हणाली, "आबा, पुण्यात मी हे शिकवायला गेले तर लोक मला वेड्यात काढतील." मी तिला माझं नाव सांगायची परवानगी दिली. तिनं ती वापरल्याचं अजून कानावर नाही.

सोमवारी आभाराचा मजकूर टाकायचा होता. मी पहाटे उठून सतरा ओळींचा केला होता. त्यात 'अभूतपूर्व' दोनदा होतं. संजीवनीनं तो वाचला, घडी घातली आणि माझ्या हातात धन्याचं सूप दिलं. तेव्हापासून मी सकाळी सात ते अकरा धने निवडतो. मोबाइल धोंडाबाईच्या कमरेला असतो.

आभाराचं धोंडाबाईनंच लिहिलं. उपड्या घातलेल्या काहिलीचा फोटो काढला, बोटानं एकेक अक्षर हुडकलं, आणि खाली एकच शब्द टाकला : 'संपला.'

बस्स. ना स्थळ, ना वेळ, ना मान्यवर.

संध्याकाळी ती माझ्यापुढं मोबाइल धरून म्हणाली, "किती जणांनी बघितलं वो? मला त्यो आकडा वाचता येत न्हाय."

मी चष्मा लावला. चार लाख अकरा हजार. मी पुन्हा मोजलं, शून्यं तेवढीच. तीस वर्षं मी लिहिलं, माणसं जमवली, भाषणं रंगवली, पुरात वाहून गेलेल्या एका म्हशीच्या मी चार केल्या. आजवर कुठलाही आकडा मी कमी करून सांगितलेला नव्हता.

"असतील दोन-अडीच हजार," मी म्हणालो.

धोंडाबाईनं मोबाइल पुन्हा कमरेला खोचला. "येका शब्दाला येवढी येत असतील," ती म्हणाली, "तर उद्या दोन लिवते."